खेळाचा खर्च कोणाच्या खाती?

अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात बर्मिंगहॅम इथे एक मोठे सरकारी विद्यापीठ आहे. वैद्यकीय शिक्षण आणि संशोधन यांसाठी ते ओळखले जाते. २ डिसेंबर २०१४ रोजी त्याचे अध्यक्ष रे वॉट्स यांनी विद्यापीठाचा अमेरिकन फुटबॉलचा संघ बंद करत असल्याचे जाहीर केले. फुटबॉलसोबत बोलिंग आणि नेमबाजीचे संघही गेले. कारण पैशाचे होते. क्रीडा विभागाचा वर्षाचा खर्च तीन कोटी डॉलरांच्या घरात होता आणि त्यातले जवळपास दोन कोटी विद्यापीठ आपल्या तिजोरीतून आणि विद्यार्थ्यांच्या शुल्कातून भरत होते. संघ स्पर्धेत टिकवायचा तर पुढच्या पाच वर्षांत आणखी ४ कोटी ९० लाख डॉलर ओतावे लागतील, असे विद्यापीठाने नेमलेल्या सल्लागारांनी सांगितले होते. काही महिन्यांतच क्रीडा-अर्थशास्त्राच्या अभ्यासकांनी तेच आकडे घेऊन दुसरा अहवाल लिहिला. फुटबॉल बंद करून विद्यापीठाचे जवळपास काहीच वाचणार नाही, उलट थोडे नुकसानच होईल, असा त्यांचा निष्कर्ष होता. संघ तोच, वर्षे तीच, कागदपत्रेही तीच; तरी एका हिशोबात खेळ विद्यापीठाला बुडवत होता आणि दुसऱ्यात स्वतःचे पोट स्वतः भरत होता. जून २०१५ मध्ये निर्णय फिरवला गेला आणि २०१७ मध्ये संघ पुन्हा मैदानात उतरला. विद्यापीठीय खेळांचा खरा खर्च किती, या प्रश्नाच्या सगळ्या गाठी या एका प्रकरणात सापडतात.

दोन्ही अहवालांतल्या बेरजा आपापल्या जागी बरोबर होत्या. फरक होता तो काय मोजायचे यात. अमेरिकेतल्या या वादात वर्षानुवर्षे एक बाजू ‘खेळ तोट्यात आहेत’ म्हणते आणि दुसरी ‘खेळ पैसे आणतात’ म्हणते. दोन्ही बाजू ज्या वह्या पुढे करतात त्या दोन्ही दिशांनी चुकतात, असे उपलब्ध पुराव्यावरून म्हणावे लागते. शिष्यवृत्त्यांसारखे काही खर्च त्यांत फुगलेले असतात. इमारती, जोखीम आणि खेळाडूंचे श्रम हे खर्च आकसलेले किंवा गायब असतात. दोन्ही चुका दुरुस्त केल्या की फुटबॉलभोवती उभ्या राहिलेल्या मोठ्या क्रीडा विभागांपैकी बहुतेकांसाठी उत्तर एकच येते. खेळ हा तिथे अनुदानावर चालणारा उपक्रम आहे, आणि ते अनुदान देणाऱ्यांना आपण ते देत आहोत याची बहुतेक वेळा कल्पनाही नसते. अनुदान असणे यात गैर काही नाही. त्याला कधी मंजुरीच घेतली गेली नाही, हा खरा आक्षेप आहे.

आधी वह्या कशा ठेवल्या जातात ते पाहू. १९९४च्या एका संघीय कायद्याने, सरकारी आर्थिक मदत घेणाऱ्या आणि आंतरमहाविद्यालयीन संघ असलेल्या प्रत्येक सहशिक्षणाच्या संस्थेला खेळांचे उत्पन्न आणि खर्च दरवर्षी जाहीर करावे लागतात. हे आकडे चाळले तर एक गंमत दिसते: असंख्य महाविद्यालयांत खेळांवरचे उत्पन्न आणि खर्च डॉलर-डॉलर जुळतात. याचे कारण साधे आहे. जेवढी तूट येते तेवढी रक्कम विद्यापीठ क्रीडा विभागाकडे वळवते आणि ती रक्कम ‘उत्पन्न’ म्हणून लिहिली जाते. म्हणून आंतरमहाविद्यालयीन खेळांचे नियमन करणाऱ्या एनसीएए या संघटनेच्या अहवालांत उत्पन्नाचे दोन भाग केले जातात. तिकिटे, प्रक्षेपण हक्क, देणग्या, जाहिराती हे कमावलेले उत्पन्न. विद्यार्थी-शुल्क, विद्यापीठाचा निधी आणि राज्याचे अनुदान हे वळवलेले उत्पन्न. ही चाळणी लावली की चित्र बदलते. २०१९ या वर्षी फुटबॉलच्या सर्वोच्च गटात सुमारे १३० विद्यापीठे होती. ही विद्यापीठे आपापसांत खेळणाऱ्या संघसमूहांत विभागलेली असतात. त्यांतल्या पाच बलाढ्य संघसमूहांच्या ६५ विद्यापीठांपैकी २५ विद्यापीठांनी खर्चापेक्षा जास्त कमावले. त्यांची मध्यक शिल्लक होती ७९ लाख डॉलर. उरलेल्या ४० विद्यापीठांची मध्यक तूट १ कोटी ५९ लाख डॉलर होती. या पाच समूहांबाहेरच्या एकाही विद्यापीठाने त्या वर्षी शिल्लक दाखवली नाही. टीव्हीच्या पडद्यावर दिसणारी समृद्धी दोन डझन संस्थांची आहे. तिच्या नावावर शेकडो संस्था खर्च करतात.

ही वळवलेली रक्कम येते कुठून? मोठा वाटा विद्यार्थी-शुल्काचा असतो. अनेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्काच्या खाली ‘विद्यार्थी शुल्क’ किंवा ‘सर्वसमावेशक शुल्क’ अशी एक ओळ असते आणि तिच्यात खेळांचा हिस्सा दडलेला असतो. व्हर्जिनिया राज्यातल्या काही विद्यापीठांत तो प्रत्येक विद्यार्थ्यामागे वर्षाला हजार डॉलरांच्या वर गेला, तेव्हा राज्याने २०१५ मध्ये कायदा करून क्रीडा विभागाच्या खर्चातला किती टक्के वाटा शुल्कातून आणि विद्यापीठाच्या निधीतून घ्यावा यावर मर्यादा घातली. ही मर्यादा बलाढ्य समूहांतल्या विद्यापीठांसाठी सर्वांत कडक आणि लहान संघांसाठी सैल आहे, कारण ज्यांना टीव्हीचा पैसा मिळत नाही तेच शुल्कावर जास्त अवलंबून असतात. परिणामी, सामने कोणी पाहत नाही अशा विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यावर भार अधिक पडतो, आणि त्यांत कर्ज काढून शिकणारे, नोकरी करून शिकणारे, शहरातून ये-जा करणारे विद्यार्थी मोठ्या संख्येने असतात. पुण्या-नागपुरातून एम. एस. करायला गेलेल्या मुलांच्या घरी जे शुल्काचे पत्रक येते त्यातही अशी ओळ असू शकते. बँकेकडून घेतलेल्या शैक्षणिक कर्जाचा एक तुकडा मग ज्या खेळाचे नियमही घरात कोणाला ठाऊक नाहीत त्याच्या प्रशिक्षकाच्या पगारात जातो. अमेरिकन इन्स्टिट्यूट्स फॉर रिसर्च या संस्थेच्या २०१३च्या अहवालानुसार सर्वोच्च फुटबॉल गटातल्या सरकारी विद्यापीठांत २०१० साली एका खेळाडूमागे सुमारे ९२ हजार डॉलर, तर एका विद्यार्थ्याच्या शिक्षणामागे १४ हजारांहून कमी डॉलर खर्च होत होते.

हा आकडा धक्का देतो, पण तो जसाच्या तसा घेऊ नये. पहिली मोठी दुरुस्ती इथेच करावी लागते, आणि ती क्रीडा विभागांच्या बाजूने जाते. फुटबॉलच्या सर्वोच्च गटात एका संघाला दीर्घकाळ ८५ पूर्ण शिष्यवृत्त्यांची मुभा होती. क्रीडा विभाग या प्रत्येक शिष्यवृत्तीपोटी विद्यापीठाला छापील दराने शिकवणी शुल्क ‘भरतो’. पण पैसे विद्यापीठाबाहेर जातच नाहीत. एकत्र कुटुंबात एका भावाने दुसऱ्याला खोलीचे भाडे द्यावे आणि वर्षअखेर पहिला भाऊ कर्जबाजारी झाला म्हणून घरात रडारड व्हावी, तसा हा प्रकार आहे. वर्गात बाके रिकामी असतील तर आणखी एक विद्यार्थी बसवण्याचा खरा खर्च जेवण, पुस्तके आणि थोडी देखभाल एवढाच. शिवाय छापील दर भरतो कोण? अमेरिकेतल्या खासगी महाविद्यालयांत प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना सरासरी निम्म्याहून अधिक सवलत मिळते. बर्मिंगहॅमच्या दुसऱ्या अहवालाने मुख्यतः हीच दुरुस्ती केली. त्याआधी १९९२ मध्ये वेस्टर्न केंटकी विद्यापीठाच्या अर्थतज्ज्ञांनी आपल्याच विद्यापीठाचे हिशोब तपासून याच धर्तीचा युक्तिवाद मांडला होता. विद्यापीठाच्या बोधचिन्हाचे टी-शर्ट, सामन्याच्या दिवशीचे वाहनतळ, खाद्यपदार्थांची विक्री हे उत्पन्न कित्येकदा क्रीडा विभागाऐवजी दुसऱ्याच खात्यात जमा होते, हेही त्यांनी दाखवले. मात्र या दुरुस्तीला एक मर्यादा आहे. जिथे एका जागेसाठी दहा-दहा अर्ज येतात त्या विद्यापीठात खेळाडूला दिलेली जागा कुणा शुल्क भरणाऱ्याकडून काढूनच दिलेली असते. तिथे छापील दर खऱ्या खर्चाच्या बराच जवळ असतो. म्हणजे शिष्यवृत्तीचा खर्च विद्यापीठ किती भरलेले आहे यावर ठरतो. एकच सूत्र सगळीकडे लावता येत नाही.

दुसरी दुरुस्ती उलट दिशेने जाते. वार्षिक क्रीडा अहवालात चालू खर्च येतो, कर्जाचा हप्ता कधी पूर्ण तर कधी अर्धवट येतो, पण इमारतींचा घसारा आणि गुंतलेल्या भांडवलाची किंमत बहुधा येत नाही. जोनाथन आणि पीटर ऑर्झाग या बंधूंनी एनसीएएसाठीच केलेल्या २००५च्या अभ्यासात सर्वोच्च गटातल्या विद्यापीठांचा हा भांडवली खर्च सरासरी वर्षाला दोन कोटी डॉलरांहून अधिक असल्याचा अंदाज मांडला होता. म्हणजे वर ज्या २५ विद्यापीठांची मध्यक शिल्लक ७९ लाख दिसली, त्यांतल्या अनेकांची शिल्लक इमारतींचा खर्च धरला तर उरणारच नाही. याचे ठळक उदाहरण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली संकुलाचे आहे. तिथले मेमोरियल स्टेडियम भूकंपाच्या हेवर्ड भ्रंशरेषेवरच उभे आहे. त्याचे बळकटीकरण आणि शेजारची नवी क्रीडा इमारत यांसाठी चाळीस कोटी डॉलरांहून अधिक कर्ज काढले गेले. दीर्घ मुदतीसाठी महागड्या खुर्च्या विकून ते फेडायचे ठरले होते. २०१२ मध्ये स्टेडियम उघडले, पण खुर्च्या अपेक्षेइतक्या विकल्या गेल्या नाहीत. अखेर २०१८ मध्ये विद्यापीठाने कर्जाचा अर्ध्याहून अधिक भार क्रीडा विभागाच्या खांद्यावरून स्वतःकडे घेतला. क्रीडा विभागाची वही त्या दिवशी सुधारली. विद्यापीठाची अर्थात तेवढीच बिघडली. यात करदात्याचाही हिस्सा आहे. स्टेडियमसाठीचे रोखे बहुधा करमुक्त असतात. आणि २०१७च्या अखेरीस कायदा बदलेपर्यंत, चांगली जागा राखून ठेवण्यासाठी द्याव्या लागणाऱ्या ‘देणगी’च्या ८० टक्के रकमेवर चाहत्यांना आयकरात सवलत मिळत होती.

काही खर्च कोणत्याच वहीत येत नाहीत, कारण ते घडेपर्यंत शून्य असतात आणि घडले की अवाढव्य. मिशिगन स्टेट विद्यापीठात जिम्नॅस्टिक्सपटूंवर उपचार करणाऱ्या डॉक्टरने वर्षानुवर्षे केलेल्या लैंगिक अत्याचारांबद्दल विद्यापीठाने २०१८ मध्ये ५० कोटी डॉलर भरपाई मान्य केली. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात १८ वर्षे फक्त कागदावर चालणारे वर्ग होते. २०१४च्या चौकशी अहवालानुसार ३,१०० हून अधिक विद्यार्थ्यांनी त्यांचा लाभ घेतला आणि त्यांत जवळपास निम्मे खेळाडू होते. अशा घटना केवळ खेळांमुळे घडतात असे नाही. पण जिंकण्याचा दबाव आणि क्रीडा विभागाची स्वायत्तता एकत्र आली की देखरेख ढिली पडते, हे या प्रकरणांतून दिसते. शिक्षणावरचा परिणामही मोजता येतो. ओरेगॉन विद्यापीठातल्या तीन अर्थतज्ज्ञांनी २०१२ मध्ये दाखवले की फुटबॉल संघ जास्त सामने जिंकतो त्या सत्रात मुलांचे गुण मुलींच्या तुलनेत घसरतात. म्हणजे संघाचे यशही फुकट मिळत नाही. त्याची थोडी किंमत प्रेक्षकांत बसलेला विद्यार्थी चुकवतो.

यावर सर्वांत जुना आणि सर्वांत वजनदार आक्षेप असा: खेळ ही विद्यापीठाची जाहिरात आहे, तिच्यामुळे अर्ज वाढतात, देणग्या येतात, आमदार खूश राहतात, म्हणून तिचा हिशोब क्रीडा विभागापुरता करणे अन्यायाचे आहे. नोव्हेंबर १९८४ मध्ये बॉस्टन कॉलेजच्या डग फ्लूटीने शेवटच्या क्षणी लांबलचक फेक करून मायामीला हरवले आणि पुढच्या दोन वर्षांत कॉलेजकडचे अर्ज सुमारे ३० टक्क्यांनी वाढले, ही कथा या युक्तिवादाचे आद्य उदाहरण आहे. पण बॉस्टन कॉलेजचे अर्ज सत्तरच्या दशकापासूनच चढत होते. नवी वसतिगृहे आणि बदललेले प्रवेश-धोरण यांना त्या श्रेयातला वाटा द्यावा लागतो. मोठ्या नमुन्यावरचा पोप बंधूंचा २००९चा अभ्यास अधिक विश्वासार्ह आहे. संघ देशात गाजला तर अर्ज २ ते ८ टक्क्यांनी वाढतात, असे त्यांना आढळले. जिंकण्याने देणग्या वाढतात असे दाखवणारे अभ्यासही आहेत. तेव्हा हा फायदा खोटा नाही. पण या अभ्यासांत मोजलेला आहे तो जिंकण्याचा फायदा, आणि विद्यापीठ विकत घेते तो खर्च. खर्च केला म्हणून विजय मिळतोच असे नाही. एनसीएएनेच करवून घेतलेल्या २००३च्या ऑर्झाग अभ्यासात फुटबॉल आणि बास्केटबॉलवर वाढवलेल्या एका डॉलरमागे मध्यम मुदतीत साधारण एकच डॉलर परत येतो असे दिसले. वाढीव खर्चाने ना निव्वळ नफा वाढतो, ना विजयाचे प्रमाण.

याचे कारण स्पर्धेच्या रचनेतच आहे. प्रत्येक सामन्यात एक जिंकतो तेव्हा एक हरतो. सगळ्यांनी खर्च दुप्पट केला तरी विजयांची एकूण संख्या तेवढीच राहते. अर्थतज्ज्ञ रॉबर्ट फ्रँक यांनी २००४ मध्ये महाविद्यालयीन खेळांवर काम करणाऱ्या नाइट आयोगासाठी लिहिलेल्या अहवालात हेच दाखवले: खेळातून मिळणारा अप्रत्यक्ष फायदा एखाद्या विद्यापीठाला मिळाला तरी सगळ्यांनी मिळून चढाओढ केली की तो एकमेकांना कापतो. एका विद्यापीठाकडे वाढलेले अर्ज बहुतांशी दुसऱ्याचे कमी झालेले असतात. म्हणून एकट्या विद्यापीठाच्या वहीत शहाणपणाचा ठरणारा खर्च सगळ्यांच्या मिळून वहीत उधळपट्टी ठरू शकतो, आणि ही दुसरी वही कोणीच ठेवत नाही. चढाओढीच्या खुणा मात्र सगळीकडे आहेत. क्लेम्सन विद्यापीठाने २०१७ मध्ये ५ कोटी ५० लाख डॉलर खर्चून फुटबॉलपटूंसाठी जी इमारत उघडली, तिच्यात घसरगुंडी आणि छोटे गोल्फ मैदानही आहे. टेक्सास ए अँड एमने २०२३ मध्ये आपल्या फुटबॉल प्रशिक्षकाला काढले, तेव्हा करारानुसार त्याला साडेसात कोटींहून अधिक डॉलर देणे लागत होते. मेरीलँड विद्यापीठाने २०१२ मध्ये पैसे नाहीत म्हणून सात संघ बंद केले, त्याच वर्षी अधिक श्रीमंत समूहात जाण्याचे ठरवले आणि जुना समूह सोडण्याची किंमत म्हणून पुढे ३ कोटी १४ लाख डॉलर मोजले. इतके झाल्यावर शिखरावर तरी पैसा उरतो का? सर्वाधिक कमावणाऱ्यांत गणल्या जाणाऱ्या ओहायो स्टेटच्या क्रीडा विभागाने जून २०२४ अखेर संपलेल्या वर्षात सुमारे ३ कोटी ७७ लाख डॉलरांची तूट दाखवली. अर्थतज्ज्ञ हॉवर्ड बोवेन यांनी १९८० मध्ये विद्यापीठांबद्दल म्हटले होते की ती मिळेल तेवढा पैसा उभा करतात आणि उभा केलेला सगळा खर्च करतात. भागधारक नसलेल्या संस्थेत शिल्लक कोणाच्या खिशात जात नाही, म्हणून ती खर्चात जिरते. यातून दोन्ही पक्षांनी धडा घ्यावा: क्रीडा विभागाची तूट हा खेळ परवडत नसल्याचा पुरावा नाही आणि जुळलेला ताळेबंद हा खेळ फुकट असल्याचाही नाही.

हा जिरलेला पैसा आजवर प्रशिक्षक आणि इमारतींकडे का गेला, खेळाडूंकडे का नाही? कारण खेळाडूचा भाव नियमाने गोठवलेला होता. १९८४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी एनसीएएची टीव्ही प्रक्षेपणावरची मक्तेदारी मोडली. विरोधी मत लिहिणारे न्यायमूर्ती बायरन व्हाइट स्वतः महाविद्यालयीन फुटबॉलचे गाजलेले खेळाडू होते. या निर्बंधांमुळेच खेळ व्यावसायिकतेपासून दूर राहतो, असे त्यांचे म्हणणे होते. निर्बंध गेले, प्रक्षेपणाचा पैसा वाढत राहिला, पण खेळाडूला शिष्यवृत्तीपलीकडे काही द्यायचे नाही हा नियम तसाच राहिला. पुरुषांच्या बास्केटबॉल स्पर्धेच्या हक्कांचा २०१० मधला करार चौदा वर्षांसाठी १,०८० कोटी डॉलरांचा होता आणि २०१६ मध्ये तो आणखी आठ वर्षे, ८८० कोटींनी वाढवला गेला. म्हणजे या काळातल्या प्रत्येक ताळेबंदात खेळाडूंच्या श्रमाचा मोठा भाग शून्य किमतीने धरलेला होता. ज्या मोजक्या विद्यापीठांनी शिल्लक दाखवली तिच्यामागे हे शून्य होते. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षणाशी संबंधित लाभांवरची एनसीएएची मर्यादा एकमताने रद्द केली आणि त्याच वर्षी १ जुलैपासून खेळाडूंना आपले नाव आणि छबी वापरून कमाई करण्याची मुभा मिळाली. जून २०२५ मध्ये मंजूर झालेल्या तडजोडीने माजी खेळाडूंना सुमारे २८० कोटी डॉलर द्यायचे ठरले. शिवाय प्रत्येक विद्यापीठाला पहिल्या वर्षी सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरांपर्यंतची रक्कम थेट खेळाडूंना वाटण्याची परवानगी मिळाली. टेनेसी विद्यापीठाने या खर्चाच्या तयारीसाठी फुटबॉलच्या हंगामी तिकिटांवर १० टक्के अधिभार आधीच जाहीर केला होता. खेळ आता अचानक महागले, अशी तक्रार ऐकू येते. ती बरोबर नाही. हा खर्च आधीही होताच, फक्त तो खेळाडू सोसत होते. आता तो वहीत आला. खर्च वाढणे आणि खर्च दिसू लागणे यांत फरक केला नाही तर पुढची सगळी चर्चा भरकटेल.

या सर्व विवेचनाला एक मोठा अपवाद आहे. एनसीएएच्या तिसऱ्या गटात चारशेहून अधिक महाविद्यालये आहेत आणि तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती देण्यास बंदी आहे. हजार-दीड हजार विद्यार्थ्यांच्या लहान खासगी महाविद्यालयात शंभर जणांचा फुटबॉल संघ असतो आणि ते शंभर जण सवलत वजा जाता शुल्क भरतात. संघ नसता तर त्यांतले बरेच तिथे आले नसते. वर्गात जागा शिल्लक असताना आलेले हे शुल्क प्रशिक्षकांचे पगार, बसभाडे आणि साहित्य यांच्याहून जास्त असेल, तर तिथे फुटबॉल खरोखरच कमावतो, तिकिटातून एक पैसाही न मिळवता. यात विरोधाभास असा की जिथे खेळ झगमगाटात आहे तिथे तो बहुतेकदा पोसावा लागतो आणि जिथे प्रेक्षक म्हणजे खेळाडूंचे आईबाप तिथे तो संस्था पोसू शकतो. अर्थात इथेही शेजारच्या महाविद्यालयाने तसाच संघ काढला की फायदा वाटला जातो.

दुसरा आक्षेप मूल्यांचा आहे. ग्रंथालयाकडून किंवा नाट्यविभागाकडून नफ्याची अपेक्षा कोणी करत नाही, मग खेळाकडूनच का? खेळ हे शिक्षण आहे. विशेषतः १९७२च्या समान संधीच्या कायद्यानंतर लाखो मुलींना मैदान मिळाले, त्याची किंमत डॉलरांत कशी करणार? हा आक्षेप पूर्णपणे मान्य करावा, आणि मग त्याची अट पाळावी. शिक्षण म्हणून खर्च करायचा असेल तर तो किती विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचतो हे विचारावे लागेल. अटलांटातल्या स्पेलमन या कृष्णवर्णीय महिलांच्या महाविद्यालयाने हाच प्रश्न विचारला. सुमारे २,१०० विद्यार्थिनींपैकी ८० जणी आंतरमहाविद्यालयीन संघांत होत्या आणि त्यांच्यावर वर्षाला जवळपास दहा लाख डॉलर खर्च होत होते. मधुमेह आणि उच्च रक्तदाबाचा धोका असलेल्या तरुण मुलींच्या संपूर्ण समूहासाठी हा पैसा वापरावा असे ठरवून अध्यक्ष बेव्हर्ली डॅनियल टेटम यांनी २०१२ मध्ये संघ बंद करण्याची घोषणा केली आणि तो निधी सर्वांसाठीच्या व्यायाम व आरोग्य कार्यक्रमाकडे वळवला. प्रत्येकाने स्पेलमनचा निर्णय घ्यावा असे नाही, पण त्यांनी केलेली तुलना प्रत्येकाने करावी. शिकागो विद्यापीठाने १९३९ मध्ये, फुटबॉलमधल्या उज्ज्वल इतिहासावर पाणी सोडून, तो संघ बंद केला. विद्यापीठाची विद्वत्ता किंवा प्रतिष्ठा त्याने घटली नाही. तीन दशकांनी तिथे फुटबॉल परतला तो शिष्यवृत्तीशिवाय आणि गाजावाजाशिवाय. शैक्षणिक मूल्यासाठी खेळ हवा असेल तर तो किती कमी खर्चात मिळू शकतो, याचा हा दाखला आहे. मुलींचे संघ फुटबॉलच्या कमाईवर चालतात, हे म्हणणेही ज्या दोन डझन विद्यापीठांत फुटबॉलचा पैसा उरतो तेवढ्यांपुरतेच खरे आहे. बाकी ठिकाणी दोघेही शुल्कावरच जगतात.

शेवटचा आक्षेप असा की इतक्या अटी घातल्यावर खरा आकडा निघणारच नाही, मग हा खटाटोप कशाला? एकच आकडा निघणार नाही, हे खरे आहे. संघ बंद करायचा की नाही हे ठरवताना बंद केल्यावर प्रत्यक्ष काय वाचेल आणि काय जाईल ते मोजावे. नवे स्टेडियम बांधताना भांडवल आणि त्याचा दुसरा उपयोग मोजावा. शुल्क ठरवताना ते कोण भरतो आणि कोण वापरतो ते पाहावे. पण कोणत्याही निर्णयासाठी लागणारी माहिती सारखीच आहे: विद्यापीठाबाहेरून आलेला पैसा आणि विद्यापीठाने वळवलेला पैसा वेगवेगळा, शिष्यवृत्ती छापील दराने आणि प्रत्यक्ष वाढीव खर्चाने, दोन्ही प्रकारे, इमारतींचा घसारा आणि सर्व कर्ज, मग ते कोणत्याही खात्यात ढकललेले असो, आणि खेळाडूंना दिलेला मोबदला. हे चार रकाने भरायला नवे संशोधन लागत नाही, लागते ती इच्छा. बर्मिंगहॅममध्ये संघ परत आला तेव्हा शहरातल्या उद्योजकांनी आणि समर्थकांनी कोट्यवधी डॉलरांची वचने दिली होती. आधीचे हिशोब चूक असोत की बरोबर, त्या क्षणी खेळ कोणाला हवा आहे आणि त्यासाठी कोण किती द्यायला तयार आहे, हे पहिल्यांदा उघडपणे विचारले गेले. हाच प्रश्न दरवर्षी शुल्क भरणाऱ्या विद्यार्थ्यांनाही विचारावा: पत्रकावर खेळांची रक्कम वेगळी छापावी आणि तिच्यावर त्यांचे मत घ्यावे. त्यांनी ‘हो’ म्हटले तर तूट ही तूट राहत नाही, ती समजून-उमजून केलेली खरेदी होते. त्यांना विचारण्याचीच भीती वाटत असेल, तर आपल्या खेळांचा खर्च किती आहे हे विद्यापीठाला पुरेसे ठाऊक आहे असे समजावे.